ट्रेनी म्हणून जॉइन होताय? आधी करार नंबर मागा

आयटीआय फिटर पास झालो आणि दिवाळीच्या आधी चाकण गाठलं. सोबत एक बॅग, मार्कशीटच्या झेरॉक्स आणि गावातल्या एकाने दिलेला सुपरवायझरचा मोबाईल नंबर. महाळुंग्याला कॉट बेसिसवर जागा मिळाली, खोलीत आठ जण, नाईटवाला आला की फर्स्टवाल्याच्या कॉटवर झोपायचा. ते सगळं तुम्हाला सांगायला नको, तुमच्यातले कितीतरी जण अशाच खोलीत बसून हे वाचत असाल. मी लिहितोय एकाच गोष्टीसाठी, ॲप्रेंटिसच्या नोंदवलेल्या करारासाठी, कारण तो नव्हता म्हणून माझं आख्खं वर्ष गेलं आणि ते आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

इंटरव्ह्यू म्हणावा असा झालाच नाही. व्हर्नियर हातात दिला, रीडिंग घे म्हणाले, घेतलं. मग दोन पानी इंग्रजी कागद पुढे आला, त्यात ट्रेनिंग बारा महिने आणि स्टायपेंड ९,५०० एवढंच मला कळलं, सही करून टाकली. सुपरवायझर आमच्याच तालुक्यातला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, भावा पहिलं वर्ष सगळ्यांचं असंच जातं, पैशाकडे बघू नको, शिकून घे. पण पहिल्या दिवसापासून मी प्रेसवर उभा होतो. शेजारच्या मशीनवर कॉन्ट्रॅक्टचा जुना माणूस शिफ्टला जेवढे पीस काढायचा तेवढेच मला काढायला लागायचे. मला शिकवायला कोणी नव्हतं, उलट दुसऱ्या आठवड्यात एका नवीन पोराला मीच काम दाखवत होतो.

पहिल्या महिन्याची स्लिप अजून माझ्याकडे आहे. वर ‘स्टायपेंड’, खाली कॅन्टीन ६००, सेफ्टी शूज ४५०, आणि पीएफच्या रकान्यात नुसती एक रेघ. त्या रेघेकडे तेव्हा मी नीट बघितलं असतं, कामगाराचा पीएफ नाही तर मग ॲप्रेंटिसचा करार कुठे असं विचारलं असतं, तर पुढचं टळलं असतं.

आता नीट वाचा, दोनदा वाचा. किमान वेतनापेक्षा कमी पैशात तुम्हाला राबवायला कायद्यात जी वाट आहे ती ॲप्रेंटिसची, म्हणजे १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याची. त्याच्या कलम १८ प्रमाणे शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो, म्हणून त्याला पगार नाही तर विद्यावेतन मिळतं. २०१९ च्या नियमांप्रमाणे ते कमीत कमी ५,००० ते ९,०००, आयटीआयवाल्याला ७,०००, डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला ९,०००. दुसऱ्या वर्षी १० टक्के जास्त, तिसऱ्या वर्षी १५. २०२५ मध्ये ३६ टक्के वाढीची शिफारस झाली होती, त्यामुळे तुम्ही जॉइन व्हाल तेव्हाचा आकडा सरकारच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर बघूनच घ्या. पण हे कमी पैसे कशाच्या बदल्यात? करार पोर्टलवर नोंदवलेला असतो, ट्रेनिंगचा ठरलेला कोर्स असतो आणि शेवटी परीक्षा होऊन सर्टिफिकेट मिळतं, त्याच्या बदल्यात. यातलं काहीच नसेल आणि तुम्ही रोज आठ तास प्रॉडक्शन काढताय तर कागदावर ट्रेनी लिहा, लर्नर लिहा, काहीही लिहा, तुम्ही कामगारच आहात आणि किमान वेतन तुमचा हक्क आहे.

‘अनुभव नाही म्हणून कमी’ हे तर सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. किमान वेतनाचे दर कुशल, अर्धकुशल, अकुशल असे असतात, वर परिमंडळ, म्हणजे कारखाना कुठल्या भागात येतो ते, बघायचं आणि दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता धरायचा. अनुभव नाही तर फार तर अकुशलचा दर लावतील. त्याच्या खाली ‘नवीन पोरगा’ अशी पायरी नाही. अठरा पूर्ण झाली की कायद्याच्या लेखी तुम्ही प्रौढ, वय लहान आहे म्हणून पैसे कापता येत नाहीत.

मला हे कळलं वर्ष संपल्यावर. ॲप्रेंटिसच्या परीक्षेचा फॉर्म कधी निघणार विचारायला बीटीआरआयला, म्हणजे ॲप्रेंटिसचं काम बघणाऱ्या सरकारी केंद्रात गेलो. तिथल्या मॅडमनी आधार नंबर टाकून बघितलं, परत टाकला, आणि म्हणाल्या, बाळा तुझा करारच नाही. मी म्हणालो मॅडम मी वर्षभर रोज गेलोय. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. नाव, आयटीआय, ट्रेड सगळं होतं, कराराच्या जागी काहीच नव्हतं.

म्हणून पहिल्या शिफ्टच्या आधी करार नंबर मागा. उद्या देतो म्हणाले तर उद्या जा, पण मशीनवर उभं राहू नका. पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनने करार बघा, एजंटच्या मोबाईलवर बघू नका. एनएपीएस, म्हणजे ॲप्रेंटिसशिपसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेत असाल तर सरकारचा वाटा, महिन्याला जास्तीत जास्त १,५००, थेट तुमच्या बँक खात्यात येतो, तो येत नसेल तर लगेच चौकशी करा. खरा ॲप्रेंटिस असाल तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ओव्हरटाइमही लावता येत नाही. आणि जॉइनिंगचे दोन-तीन हजार मागणाऱ्या एजंटच्या दारात जाऊच नका, स्टायपेंड तुमचा आणि कमिशन त्याचं, हा धंदा मला मनापासून घाण वाटतो. गाववाला आहे, भावा म्हणतोय, म्हणून सही करू नका. आमच्या आयटीआयचे सर रागवायचे, ओरडायचे, पण करार वाचल्याशिवाय सही करू नको हे तेच सांगायचे आणि मी ते कानाआड केलं.

ॲप्रेंटिसशिप वाईट आहे असं अजिबात समजू नका. मी नंतर दुसरीकडे नोंदणीवाली केली, पैसे आधीपेक्षाही कमी, ८,०००, पण टूल रूममध्ये एका जुन्या फिटरच्या हाताखाली वर्ष काढलं आणि फायलिंग म्हणजे काय ते तिथे समजलं. नोकरीची हमी तिथेही नव्हती, ती कायद्यातच नाही. पण सर्टिफिकेट हातात आलं. घरची परिस्थिती आठ हजार परवडण्याची नसेल तर सरळ कामगार म्हणून लागा, पीएफ आणि किमान वेतन घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

आणि आत्ता आधीच अडकला असाल तर घाबरून काम सोडू नका, आधी पुरावे जमवा. आमच्या खोलीतल्या एकाने गेटपासचे, स्लिपचे आणि मशीनवरच्या प्रॉडक्शन शीटचे फोटो दर महिन्याला काढून ठेवले होते, कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज केला आणि त्याला फरकाचे पैसे मिळाले. माझ्याकडे एकच स्लिप होती.