रक्त पातळ करायच्या महागड्या गोळीचा खर्च असा उतरवा

आधी स्ट्रिप हातात घ्या आणि चष्मा लावा. ब्रँडचं नाव सोडा, मूळ औषधाचं नाव शोधा: अपिक्साबान, रिव्हारोक्साबान, डॅबिगॅट्रान, वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल. शेजारी मिलिग्रॅम असतात. दोन्ही कागदावर लिहून पाकिटात ठेवा. "ती हृदयाची गुलाबी गोळी द्या" म्हणणाऱ्या माणसाला मी स्वस्त पर्याय दाखवणार तरी कुठून?

मी फार्मासिस्ट आहे, पुण्यात पेठेतल्या एका मेडिकलमध्ये काउंटरला असते. घरी माझे बाबा ठोके अनियमित असल्यामुळे अपिक्साबान घेतात. त्यामुळे गोळी विकणं आणि तिचे पैसे भरणं, दोन्ही माझ्याच वाट्याला आलंय.

हिशोब स्ट्रिपचा नको, दिवसाचा करा. कुठे स्ट्रिपमध्ये १० गोळ्या, कुठे १४. अपिक्साबान दिवसातून दोनदा, तर रिव्हारोक्साबान अनियमित ठोक्यांसाठी सहसा एकदाच. समजा अपिक्साबानची एक गोळी २० रुपयांना पडली, तर महिन्याच्या ६० गोळ्या १,२०० रुपयांच्या आणि वर्षाचे झाले १४,४००. हा आकडा समोर आला की गोळीमागे ५ रुपये वाचण्याला काय किंमत आहे ते कळतं.

डिस्काउंटच्या पाटीला मात्र भुलू नका. समजा एका ब्रँडच्या १० गोळ्यांची एमआरपी ३०० आणि त्यावर २० टक्के सूट, म्हणजे पडले २४०. शेजारच्या ब्रँडची एमआरपीच १६० आणि सूट शून्य. गिऱ्हाईक हमखास पहिला ब्रँड उचलतं, वर "तुमच्याकडे सूट नाही का?" म्हणून आम्हालाच सुनावतं. तेव्हा "किती टक्के?" हे विचारूच नका. "याच औषधात, याच मिलिग्रॅममध्ये तुमच्याकडे सगळ्यात कमी एमआरपीचं कोणतं आहे?" असं विचारा. ऑनलाइन मागवतानाही ब्रँडऐवजी औषधाचं नाव टाकून बघा.

एकाच औषधाच्या किमतीत इतका फरक पडतो, कारण पेटंट संपल्यावर अनेक कंपन्या ते बनवायला लागतात. अपिक्साबानचं भारतातलं पेटंट २०२२ मध्ये संपलं. त्याआधीपासून गोळी चालू असेल आणि चिठ्ठी तशीच पुढे चालली असेल, तर तुम्ही अजून जुन्याच महाग ब्रँडवर असण्याची बरीच शक्यता आहे. डॅबिगॅट्रान २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं, त्यामुळे त्याच्या किमतीवर सरकारी कमाल मर्यादा आहे. ती मर्यादा एनपीपीएच्या (औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) 'फार्मा सही दाम' ॲपवर दिसते. यादीबाहेरच्या औषधांची एमआरपी कंपनी वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. म्हणून वर्षातून एकदा जुनं बिल नव्या बिलाशेजारी ठेवून बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तोही फरक त्यात दिसायला हवा.

आता चिठ्ठी. डॉक्टरांनी ब्रँड लिहिला असेल तर मी माझ्या मनाने दुसरा देऊ शकत नाही, कायद्याने तशी मुभा नाही. "सगळे देतात, तुम्हीच कशा आडमुठ्या" हे मी रोज ऐकते. पण किल्ली डॉक्टरांकडे आहे. पुढच्या तपासणीला एवढंच म्हणा: "डॉक्टर, ही गोळी महाग पडते. याच औषधाचा स्वस्त ब्रँड चालेल का? चालत असेल तर चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहून द्या." औषधाचं जेनेरिक, म्हणजे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं असं मेडिकल कौन्सिलचे नियमच सांगतात, त्यामुळे यात आगाऊपणा काही नाही. सुट्ट्या दोन रुपयांसाठी रिक्षावाल्याशी पाच मिनिटं वाद घालणारे आपण पुणेकर डॉक्टरांसमोर मात्र गप्प बसतो, ही गंमतच आहे.

त्याच भेटीत आणखी दोन गोष्टी विचारा. एक, ही गोळी किती दिवस? पायातल्या गुठळीसाठी सुरू झालेली गोळी काहींना ठरावीक महिनेच लागते, काहींना पुढे कमी डोस पुरतो; पण ते डॉक्टरांनीच ठरवायचं. दोन, सोबत ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल (याही गुठळी रोखणाऱ्याच गोळ्या) चालू असेल तर ते अजून हवंय का? स्टेंट बसून वर्ष उलटलेल्या माणसाने हे जरूर विचारावं.

औषधाच्या नावाची चिठ्ठी हातात आली की जनऔषधी केंद्र (सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकान) गाठा. 'जनऔषधी सुगम' ॲपमध्ये औषधाचं नाव टाकलं की किंमत आणि जवळचं केंद्र दोन्ही दिसतं. तिथल्या औषधांची बॅच एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून येते, तेव्हा "स्वस्त म्हणजे पावडर" ही भीती सोडा. अडचण असते ती साठ्याची. आधी फोन करा, आणि घरात आठवड्याच्या गोळ्या शिल्लक असतानाच जा, शेवटची गोळी घेऊन झाल्यावर नको. रुग्णालयात दाखवलं तरी तिथल्याच मेडिकलमधून घ्यायची सक्ती नसते, हेही लक्षात असू द्या.

वॉरफरिन आणि ॲसिनोकुमारॉल या जुन्या गोळ्या खूपच स्वस्त, पण त्यांच्यासोबत आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी रक्ततपासणी येते: सुरुवातीला वरचेवर, पुढे साधारण महिन्याला. लॅबचा आणि जाण्यायेण्याचा खर्च धरूनच तुलना करा. औंधचं जिल्हा रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचं आहे आणि त्या विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या मोफत आहेत. आयएनआर होतं का ते विचारून जा. या गोळ्यांवर मेथी, पालक, अळू बंद करायचं नसतं, प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं. श्रावणात एकदम पालेभाज्यांचा मारा केला की आयएनआर खाली येतो. ब्रँड बदलला तर आयएनआर पुन्हा बघून घ्या. ज्यांना हृदयात धातूची झडप बसवली आहे त्यांना याच जुन्या गोळ्या लागतात, तिथे अपिक्साबानसारख्या नव्या चालत नाहीत. आणि नव्यावरून जुनीवर किंवा उलट जाणं म्हणजे औषधच बदलणं. ते फक्त डॉक्टरांनी करायचं.

ओळखीचे एक काका एकदा हळूच म्हणाले, "मी संध्याकाळची गोळी सोडतो, महिन्याची स्ट्रिप दोन महिने पुरते." मी हातातलं बिल बाजूला ठेवलं. अपिक्साबानचा अंमल बारा तासांत निम्म्यावर येतो, म्हणून तर ती दोनदा आहे. संध्याकाळची सोडली तर रात्रभर गुठळीला मोकळं रान. काकांना तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावायला लावला, ब्रँड बदलून मिळाला आणि दोन्ही वेळची गोळी सुरू झाली. ही गोळी दिवसाआड घेणं, अर्धी करणं, शेजारच्यांची उरलेली घेणं, यातलं काहीच करू नका. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल तर उघडायचीही नाही, आणि ओल लागते म्हणून डबीत काढून ठेवायची नाही. रिव्हारोक्साबान १५ किंवा २० मिलिग्रॅम असेल तर जेवणासोबतच घ्या, नाहीतर ती पुरती अंगी लागत नाही आणि पैसे वाया जातात. अंगदुखीला मनाने पेनकिलर घेऊ नका; रक्तस्राव होऊन भरती व्हावं लागलं तर वर्षभराची बचत एका दिवसात जाते.

स्वस्त मिळाली म्हणून सहा महिन्यांचा साठाही करू नका. क्रिएटिनिन वाढलं (म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलं), वजन उतरलं की डोस बदलू शकतो, आणि कापलेली स्ट्रिप कुठलाच मेडिकलवाला परत घेत नाही. महिन्याच्या, फार तर दोन महिन्यांच्या घ्या.

बिल नावानिशी मागा आणि पैसे यूपीआयने द्या. आईवडील साठीपुढचे असतील आणि त्यांचा आरोग्य विमा नसेल, तर जुन्या करपद्धतीत त्यांच्या औषधपाण्याच्या खर्चावर आयकरात ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. रोखीने दिलेले पैसे त्यात धरत नाहीत. केंद्र सरकारचे निवृत्त असाल तर सीजीएचएस, फौजेतून निवृत्त असाल तर ईसीएचएस, या सरकारी आरोग्य योजना आहेत. दोन्हींची केंद्रं पुण्यात आहेत, तिथे आधी चिठ्ठी दाखवा आणि मगच आमच्याकडे या.