छोटा हार्डवेअर सिंथ वापरताना या चुका टाळा

नवा छोटा सिंथ (सिंथेसायझर) घरी आला, हेडफोन लावले, पट्टी दाबली आणि आवाजच नाही. पहिला विचार येतो तो यंत्र खराब निघाल्याचा. माझ्याकडे असे ‘बिघडलेले’ सिंथ बरेच आले आहेत आणि त्यातल्या बहुतेकांत काहीच बिघडलेलं नव्हतं. कुणाचा फिल्टर (आवाजाचा उजळपणा कमी-जास्त करणारा भाग) पूर्ण मिटलेला होता, कुणी चुकीची वायर लावली होती, तर कुणी त्या यंत्राकडे असं काही मागत होतं, जे त्यात मुळात दिलेलंच नव्हतं.

सिंथ छोटा होतो तो काटछाट करून. कॉर्गने २०१३ साली व्होल्का मालिकेतले कीज, बेस आणि बीट्स हे तीन सिंथ आणले, तेव्हा एवढ्याशा खोक्यात खरा अ‍ॅनालॉग आवाज, सिक्वेन्सर (सुरांचा क्रम साठवून आपोआप वाजवणारी सोय), स्पीकर आणि सेलवर चालण्याची सोय मिळाली. त्या बदल्यात खऱ्या पट्ट्या गेल्या, मोठे आउटपुट जॅक गेले, मिडी आउट, म्हणजे दुसऱ्या यंत्राला सुरांचे आदेश पाठवायची वाट, गेली. ही देवाणघेवाण मला पटते. पण कात्री कुठे लागली आहे ते ठाऊक नसेल तर नेमकं तिथेच अडायला होतं.

हाताला लागेल तो अ‍ॅडॉप्टर लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही आहे, म्हणून आधी हीच. अ‍ॅडॉप्टरवर ९ व्होल्ट लिहिलंय, सिंथवरही ९ व्होल्ट लिहिलंय, पिनही बसतेय, म्हणजे चालेल असं आपण धरून चालतो. पण पिनच्या मध्यभागी धन आहे की ऋण, हे कुणी पाहत नाही. गिटार पेडलचे बहुतेक अ‍ॅडॉप्टर मध्यभागी ऋण असतात. व्होल्का आणि त्यासारख्या अनेक सिंथना मध्यभागी धन लागतं. मी एकदा पेडलचा अ‍ॅडॉप्टर एका छोट्या सिंथला लावला आणि तो त्याच क्षणी गप्प झाला. दुरुस्तीत आतला संरक्षक डायोड बदलावा लागला, तेवढ्यावर निभावलं. त्या दिवसापासून माझ्याकडच्या प्रत्येक अ‍ॅडॉप्टरच्या वायरवर यंत्राचं नाव लिहिलेली पट्टी चिकटवलेली असते.

अ‍ॅडॉप्टर आणि सिंथ दोन्हींवर एक छोटं चिन्ह छापलेलं असतं: मधे ठिपका, भोवती अर्धवट वर्तुळ आणि दोन टोकांना अधिक-उणे. ही दोन चिन्हं जुळायला हवीत. व्होल्टेज तंतोतंत तेच हवं. मिलिअँपियरचा आकडा मात्र मागणीपेक्षा जास्त असला तरी चालतो, कमी असता कामा नये. कमी पडला की सिंथ मधेच रीस्टार्ट होतो, दिवे मंदावतात किंवा सूर डळमळतो, आणि दोष बिचाऱ्या ऑसिलेटरवर, म्हणजे मूळ सूर तयार करणाऱ्या भागावर जातो.

सेलवर चालवताना आणखी एक बारकावा आहे. साधा अल्कलाइन पेन्सिल सेल १.५ व्होल्टचा, तर चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा. सहा सेल घातले की एकीकडे ९ व्होल्ट होतात, दुसरीकडे ७.२. चार्ज होणाऱ्या सेलवर अनेक सिंथ व्यवस्थित चालतात, पण बॅटरीचा इशारा लवकर दाखवतात. काही यंत्रांत सेलचा प्रकार निवडायचं सेटिंग असतं, ते बदललं की हा इशारा खरा होतो.

हेडफोनच्या जॅकमधून थेट इंटरफेसमध्ये

या चुकीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण ‘आवाज पातळ आहे’ ही छोट्या सिंथवरची नेहमीची तक्रार अनेकदा इथूनच निघते.

बऱ्याच छोट्या सिंथना बाहेर पडायला एकच वाट असते, ती म्हणजे ३.५ मिलिमीटरचा हेडफोन जॅक. त्यात डावीकडे आणि उजवीकडे बहुधा एकच मोनो आवाज जातो. आता तीन कड्यांच्या जॅकची वायर घेऊन ती ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज कॉम्प्युटरपर्यंत पोचवणाऱ्या खोक्याच्या) बॅलन्स्ड इनपुटमध्ये लावली की काय होतं पाहा. बॅलन्स्ड इनपुट टोकावरच्या आणि मधल्या कडीवरच्या सिग्नलमधला फरक घेतं. इथे दोन्हीकडे तोच सिग्नल आहे, म्हणून फरक शून्याजवळ येतो आणि आवाज जवळपास नाहीसा होतो. सिंथमध्ये स्टीरिओ रिव्हर्ब (घुमारा) किंवा डिले (प्रतिध्वनी) असेल तर फक्त त्याची शेपटी उरते, विहिरीच्या तळातून कुणी वाजवतंय असं वाटतं. बेस तर गेलेलाच असतो. मग माणूस इक्वलायझरने बेस वाढवत बसतो. जो सिग्नल एकमेकांत वजा होऊन गेलाय तो वाढणार कसा?

उपाय साधा आहे. एका टोकाला स्टीरिओ मिनी जॅक आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो जॅक असलेली फाटा वायर घ्या. सिंथ मोनो असेल तर त्यातलं एकच टोक इनपुटला लावलं तरी पुरतं. थेट मोनो पिन हेडफोन जॅकमध्ये घालून काम भागवणारेही आहेत, पण त्यात उजवा चॅनेल ग्राउंडला शॉर्ट होतो. काही यंत्रं ते सहन करतात. तरी ती सवय लावून घेऊ नये.

सिंथचा व्हॉल्यूम साधारण तीन चतुर्थांशावर ठेवून बाकीचं काम इंटरफेसच्या गेनवर सोपवा. व्हॉल्यूम अगदी खाली ठेवून गेन ताणला की सुस्कारा वाढतो, आणि व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेला की काही यंत्रांचा हेडफोन अ‍ॅम्प फाटायला लागतो.

यूएसबीची बारीक शिट्टी

सिंथ, इंटरफेस आणि कॉम्प्युटर तिन्ही एकमेकांना जोडले, सिंथला वीजही कॉम्प्युटरच्या यूएसबीतून दिली, आणि आवाजामागे एक बारीक किर्र सुरू झाली. माउस हलवला की ती बदलते. हे ग्राउंड लूपचं लक्षण आहे: यूएसबीची वायर आणि ऑडिओची वायर अशा दोन वाटांनी ग्राउंड जोडलं जातं आणि कॉम्प्युटरमधला विजेचा गोंगाट ऑडिओत शिरतो. परीक्षा अशी: सिंथ सेलवर किंवा वेगळ्या चार्जरवर चालवा आणि कॉम्प्युटरची यूएसबी वायर काढा. किर्र थांबली तर निदान झालं. मिडीसाठी यूएसबी लागतच असेल तर यूएसबी आयसोलेटर घ्या, किंवा ऑडिओच्या वाटेवर ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स ठेवा. शक्य असेल तिथे मी जुनी पाच पिनांची मिडी वायरच वापरते. तिच्या इनपुटला ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशातून पलीकडे नेणारा भाग) असतो, त्यामुळे दोन यंत्रांचं ग्राउंड एकमेकांना लागतच नाही. १९८३ पासूनची ही पद्धत आजही सगळ्यात शांत चालते.

आवाज नाही म्हणून घाई करणं

आवाज येत नसेल तर नॉब इकडेतिकडे फिरवत बसू नका, क्रमाने बघत जा. आधी यंत्रातलाच एखादा तयार पॅच (साठवलेला आवाज) किंवा सिक्वेन्स वाजवा. तो वाजला तर जोडणी ठीक आहे, चूक तुमच्या पॅचमध्ये आहे. मग फिल्टरचा कटऑफ (तो कुठून आवाज कापतो तो नॉब) पूर्ण उघडा आणि रेझोनन्स (त्या जागेचा उठाव) शून्यावर आणा. ऑसिलेटरची पातळी वर आहे का बघा. एन्व्हलपमध्ये, म्हणजे सूर कसा सुरू होतो, टिकतो आणि विरतो ते ठरवणाऱ्या भागात, सस्टेन शून्य आणि डीके अगदी छोटा असेल तर फक्त ‘टक्’ असा आवाज येतो. अटॅक फार लांब असेल तर पट्टी सोडेपर्यंत आवाज सुरूच झालेला नसतो. एवढं करूनही शांतता असेल तर मिडी चॅनेल आणि लोकल कंट्रोल तपासा.

लोकल कंट्रोल म्हणजे सिंथच्या पट्ट्या त्याच्याच आतल्या आवाजाला जोडणारं सेटिंग. त्याबद्दल थोडं सविस्तर. स्वतःच्या पट्ट्या असलेला सिंथ कॉम्प्युटरला जोडला की एकच पट्टी दोन वाटांनी वाजू शकते, एकदा थेट आतून आणि एकदा सॉफ्टवेअरमधून फिरून परत. प्रत्येक सूर दुहेरी वाजतो, आवाजाला पोकळ, फिरता रंग येतो. त्याहून वाईट म्हणजे चार सुरांच्या सिंथमधले दोन सूर या पुनरावृत्तीतच संपतात. ‘माझा सिंथ दोनच सूर वाजवतो’ अशी तक्रार आली की मी पहिला प्रश्न हाच विचारते. लोकल कंट्रोल बंद केला की हे थांबतं. फक्त कॉम्प्युटरशिवाय वाजवायला बसाल तेव्हा तो परत चालू करायला विसरू नका, नाहीतर पट्ट्या मुक्या होतात.

पॉलिफोनीचा आकडा न वाचणं

पॉलिफोनी म्हणजे एका वेळी किती सूर वाजतात तो आकडा. छोट्या सिंथची खरी मर्यादा ही. व्होल्का कीजमध्ये तीन सूर आहेत, पण फिल्टर एकच. अर्टुरियाचा २०१९ चा मायक्रोफ्रीक एका वेळी चार सूर वाजवतो, तरी शेवटी सगळे एकाच अ‍ॅनालॉग फिल्टरमधून जातात. याला पॅराफोनी म्हणतात. तुम्ही एक कॉर्ड धरून ठेवलाय आणि वर एक नवा सूर छेडला, तर फिल्टरची हालचाल त्या एकट्या सुरापुरती राहत नाही, धरलेल्या कॉर्डलाही ती लागते. पियानोची सवय असलेल्याला ही चूक वाटते. मला यातच या यंत्रांचा रंग दिसतो: सगळे सूर एका श्वासात उघडतात आणि मिटतात. लांब पॅड (मऊ, रेंगाळणारे कॉर्ड) वाजवायला बसलात तर निराशा होईल, तुटक कॉर्ड वाजवलेत तर हाच आवाज खुलतो.

यामाहाचा रीफेस सीएस आठ सूर देतो, कॉर्गचा २००२ चा मायक्रोकॉर्ग चार. चार सुरांच्या यंत्रावर रिलीज (पट्टी सोडल्यावर सूर विरायचा वेळ) लांब ठेवून कॉर्ड बदलत गेलात की पाचवा सूर आला रे आला, आधीचा एक कापला जातो. ऐकताना ते अडखळल्यासारखं वाटतं. रिलीज कमी करा आणि लांबी रिव्हर्बवर सोपवा. कॉर्डमधला मूळ सूर बेसकडे द्या, वर दोनच सूर ठेवा. नाहीतर पॅडचे थर एकेक करून रेकॉर्ड करा.

सिंकची गाठ

सिंक म्हणजे दोन यंत्रांचा ठेका जुळवणं. दोन यंत्रं जोडली आणि एक दुप्पट वेगाने धावू लागलं, तर ठोक्यांची मोजणी जुळलेली नाही. मिडी क्लॉक एका मात्रेला (क्वार्टर नोटला) २४ ठोके देतं. व्होल्काचं ३.५ मिलिमीटरचं सिंक दोन स्टेप्सना एक, म्हणजे एका मात्रेला दोन ठोके धरतं. टीनेज इंजिनिअरिंग कंपनीचे पॉकेट ऑपरेटर हे खिशात मावणारे सिंथही हीच मोजणी वापरतात, म्हणून ही दोन्ही यंत्रं थेट जुळतात. मॉड्युलर (सुटे भाग वायरने जोडून बनवलेल्या) सिंथमधून क्लॉक देत असाल तर आधी तिथलं भागाकाराचं सेटिंग बघा. पॉकेट ऑपरेटर सिंक मोडमध्ये एका चॅनेलवर आवाज आणि दुसऱ्यावर ठोके पाठवतो. तो चॅनेल मिक्सरमध्ये गेला की सतत टक् टक् ऐकू येतं. तो बिघाड नाही, ते चॅनेल मिक्सरमधून काढून टाका.

मिनी जॅकच्या मिडीचंही एक कोडं आहे. त्यात दोन पिनांची अदलाबदल असलेले टाइप ए आणि टाइप बी असे प्रकार फिरत राहिले. २०१८ मध्ये टाइप ए हे मानक ठरलं, पण आधीची यंत्रं आणि त्यांची कनेक्टर अजून वापरात आहेत. सगळं बरोबर दिसतंय आणि मिडी मात्र पोचत नाही, तर हे कनेक्टर बदलून बघा.

आवाज जपून न ठेवणं

व्होल्का कीजमध्ये सिक्वेन्स साठवता येतो, नॉबच्या जागा साठवता येत नाहीत. रीफेस सीएसमध्येही पॅच साठवायला आत जागा नाही. तास घालवून जमवलेला आवाज कुणी एक स्लायडर हलवला की गेला. पॅनेलचा फोटो काढा आणि त्याच वेळी दोन मिनिटांचं रेकॉर्डिंगही करा. फोटोवरून आवाज जवळपास परत येतो. रेकॉर्डिंग असेल तर जवळपासवर समाधान मानायची गरज राहत नाही.

ज्यांत पॅच साठतात, त्यांत वेगळा घोळ असतो. पॅच बदलला की नॉब जुन्या जागीच राहतो आणि आतली किंमत दुसरीच असते. नॉबला हात लावताच आवाज एकदम उडी मारतो. सेटिंगमध्ये कॅच किंवा पिकअप असा पर्याय असेल तर तो निवडा. मग नॉब साठवलेल्या किमतीवरून जाईपर्यंत काही बदलत नाही.

कुणी घेऊ नये

दोन्ही हातांनी वाजवायचं असेल, बोटांच्या दाबावर अवलंबून असाल, तर छोट्या पट्ट्यांवर पैसे घालू नका. बिनपट्ट्यांचं मॉड्यूल घ्या आणि मोठ्या पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड जोडा. पॅनेल छोटं म्हणून अर्धी कामं शिफ्टच्या बटणामागे जातात, तेही ध्यानात घ्या. मंचावर अंधारात ते बटण शोधावं लागणार असेल तर विचार करा.

पण सिंथेसिस शिकायचं असेल, तर एका नॉबला एकच काम देणारं छोटं यंत्र मला कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जवळचं वाटतं. कटऑफ फिरवला की काय होतं ते बोटांना कळतं आणि मग ते विसरलं जात नाही. पलंगावर बसून, हेडफोन लावून, पडद्याकडे न बघता दोन तास वाजवता येतं. माझ्या सगळ्यात चांगल्या बेसलाइन अशाच झाल्या आहेत.

काही आठवडे सिंथ वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. गळलेल्या अल्कलाइन सेलने स्प्रिंग आणि संपर्कपट्ट्या गंजतात. पांढरी भुकटी दिसली तर कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा आणि पूर्ण सुकेपर्यंत नवे सेल घालू नका. खरखरणाऱ्या नॉबला आधी वीज बंद ठेवून पंचवीस-तीस वेळा पूर्ण इकडून तिकडे फिरवा. एवढ्याने भागलं नाही तरच कॉन्टॅक्ट क्लीनर काढा, आणि तोही प्लॅस्टिकला चालणारा.