ल्वार खोऱ्यात रोड सायकल: सोम्यूर ते शांबोर, चार दिवसांत

फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या काठचे राजवाडे सायकलवरून पाहायला निघालेले बहुतेक जण ब्ल्वा किंवा ऑर्लेआंपासून सुरू करून नदीबरोबर पश्चिमेला जातात. उतार आपल्या बाजूने असेल, असा त्यामागचा हिशेब असतो. प्रत्यक्षात ऑर्लेआं ते सोम्यूर या पट्ट्यात नदी इतकी संथ उतरते की पायांना काही फरक जाणवत नाही. वारा मात्र जाणवतो, आणि तो इथे बहुतेक वेळा अटलांटिककडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. उघड्या बांधावरून समोरच्या वाऱ्यात तीन तास सायकल मारली की ताशी 25 चा वेग 18 वर येतो आणि दुपारच्या राजवाड्याचं दार बंद झालेलं असतं. म्हणून पश्चिमेला सोम्यूरला सुरुवात करा आणि पूर्वेला ब्ल्वा-शांबोरला संपवा. मे, जून आणि सप्टेंबर हे चांगले महिने. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही टिपेला असतात.

पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून किंवा थेट चार्ल्स द गॉल विमानतळावरून तूरजवळच्या सें-पिएर-दे-कोरला जाणारी टीजीव्ही, म्हणजे अतिवेगवान गाडी, पकडा आणि तिथून प्रादेशिक गाडीने सोम्यूर गाठा. टीजीव्हीत सायकल सुटी करून 130 × 90 सेंमीच्या पिशवीत न्यावी लागते. प्रादेशिक गाड्यांत ती आहे तशी चढवता येते, पण उन्हाळ्यात जागा आधी राखून ठेवावी लागू शकते, तेव्हा तिकीट काढतानाच पाहा. विमानासाठी सायकल बांधताना मागचा डिरेलर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) हँगरपासून, म्हणजे तो ज्यावर बसतो त्या धातूच्या पट्टीपासून, सोडवून फ्रेमच्या आत बांधा. प्रवासात सर्वांत आधी वाकतो तो हँगर. आपल्या मॉडेलचा एक जादा हँगर सोबत ठेवा, कारण खेड्यातल्या दुकानात नेमका तो मिळेल याची खात्री नसते.

सायकल भाड्याने घेणार असाल तर ब्रेक तपासा. फ्रान्समध्ये पुढचा ब्रेक सहसा डाव्या हाताला असतो, आपल्याकडे तो उजव्या हाताला असतो. हाताची सवय पक्की असते. घाईत उजवा ब्रेक जोरात दाबला तर मागचं चाक घसरतं, आणि डावा दाबला तर पुढचं चाक अडून माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. गावाबाहेर पडण्यापूर्वी मोकळ्या जागेत दहा-बारा वेळा थांबून पाहा.

टायर 28 मिमीचे घ्या, 32 चे बसत असतील तर आणखी बरे. ल्वार-आ-व्हेलो हा आखलेला सायकलमार्ग सुंदर आहे, पण त्याचे काही तुकडे खडीचे आणि मातीचे आहेत. तिथे 23-25 मिमीच्या टायरवर हाल होतात. साधारण 70 किलोच्या माणसाने 28 च्या टायरमध्ये 70 ते 75 पीएसआय हवा ठेवावी, सामान असेल तर मागच्या चाकात पाचेक जास्त. या भागात गारगोटीचे धारदार तुकडे पावसाने रस्त्यावर वाहून येतात, आणि ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं. पाऊस पडून गेल्यावर कडेच्या खडीपासून हातभर आत चालवा. दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर, टायर कापला गेल्यास आतून लावायचा टायर-बूट आणि हातपंप एवढं पुरतं. सीओटू काडतुसांना विमान कंपनीची परवानगी लागते, त्यामुळे पंपच सोयीचा.

बूट खाचेत क्लीट (पेडलला अडकणारा तुकडा) बसणारे, म्हणजे एसपीडीचे घ्या. बाहेर आलेल्या प्लॅस्टिक क्लीटचे रोड बूट घालून राजवाड्यांच्या गुळगुळीत दगडी चक्री जिन्यांवर पाय ठरत नाही आणि क्लीटही झिजतात. गिअर 34-30 पर्यंत (पुढे 34 दात, मागे 30) असले तर पुरे. चढ असतात ते नदीकाठावरून पठारावर जाणारे, एका वेळी 50-60 मीटर उंचीचे. आपल्या घाटांसारखं इथे काही नाही.

वाहतूक उजवीकडून चालते, ते दोन तासांत अंगवळणी पडतं. खरा धोका वेगळा आहे. फ्रान्समध्ये ज्या चौकात कोणतीच पाटी नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, मग तो रस्ता कितीही बारका असो. छोट्या गावांत गल्लीतून निघणारी गाडी न थांबता समोर येते आणि चूक तुमची ठरते. पिवळ्या चौकोनाची, कोपऱ्यावर उभी असलेली पाटी दिसली की मुख्य रस्त्याचा हक्क तुमचा. त्याच पाटीवर काळी तिरकी रेघ आली की तो हक्क संपला. चक्राकार चौकात घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं. पाटी सहसा आत असलेल्याला प्राधान्य देते.

गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात परावर्तक जॅकेट सक्तीचं आहे. सायकल चालवताना कानात इअरफोन घातले तर 135 युरो दंड होतो. गावाबाहेर तुम्हाला ओलांडून पुढे जाणाऱ्या गाडीने दीड मीटर अंतर ठेवायचं असतं आणि बहुतेक चालक ते ठेवतात, पण अरुंद रस्त्यावर मागून गाडी आली की एका रांगेत या.

आता मार्ग. रस्त्यांच्या नावात 'डी' म्हणजे जिल्ह्याचा रस्ता. मिशेलिनच्या नकाशावर पांढरे रस्ते निवांत, पिवळे मध्यम, लाल टाळण्याजोगे. ज्यांच्या कडेने हिरवी रेघ आहे ते देखणे. उत्तर काठचा डी-952 सरळ आणि मोहक दिसतो, पण त्यावर वाहतूक फार, तो सोडाच.

पहिला दिवस सोम्यूर ते शिनों, सुमारे 40 किमी. डी-947 नदीला लागून जातो, पण अरुंद आहे. त्यापेक्षा वरच्या बाजूच्या द्राक्षमळ्यांतून तुर्कांमार्गे जाणारा सायकलमार्ग घ्या. मोंसोरोनंतर कांद-सें-मार्तांला व्हिएन नदी ल्वारला मिळते. तिथून चार-पाच किमी चढून फोंतव्रोचा मठ येतो, त्याची स्थापना 1101 ची. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री, त्याची राणी एलिनॉर आणि मुलगा सिंहहृदयी रिचर्ड यांच्या समाधीशिल्पांसमोर थोडं थांबा. हाच मठ 1804 नंतर दीडशे वर्षांहून अधिक काळ तुरुंग होता. संध्याकाळी शिनोंच्या किल्ल्यावर पोचलात की गोष्ट पुरी होते: हेन्री 1189 मध्ये तिथे वारला. जोन ऑफ आर्क 1429 मध्ये युवराज चार्ल्सला भेटली तेही इथेच. शिनोंच्या जुन्या पेठेत फरसबंदी आहे. पाऊस असेल तर उतरून चाला.

दुसरा दिवस शिनों ते तूर, सुमारे 60 किमी: युसे, आझे-ल-रिदो, विलांद्री. एका दिवसात दोनच वास्तू आतून पाहा, तिसरी बाहेरूनच. आझेचा वाडा 1518 नंतर आंद्र नदीच्या पाण्यात उभा राहिला, आणि विलांद्रीच्या बागा 1906 पासून पुन्हा घडवल्या गेल्या. नऊ चौकोनांत लावलेली विलांद्रीची भाजीबाग वरच्या गच्चीवरून पाहावी, खालून तिची नक्षी कळत नाही. तिथून डी-7 तूरला नेतो, पण नदीकाठचा सायकलमार्ग त्याहून शांत आहे.

तिसऱ्या दिवशी तूरहून आंब्वाझ 25 किमी. सामान मुक्कामी टाकून जंगलातल्या डी-81 ने शनोंसो आणि परत. शेर नदीवर पुलासारखा उभा असलेला हा राजवाडा सकाळी उघडताच किंवा दुपारी चारनंतर गाठा, मधल्या वेळेत बसगाड्यांची रांग असते. दुसऱ्या महायुद्धात व्यापलेला आणि न व्यापलेला फ्रान्स यांच्यातली रेघ याच नदीतून जायची, म्हणजे राजवाड्याच्या नदीवरच्या दालनाचं एक टोक एका बाजूला आणि दुसरं पलीकडे. आंब्वाझला ल क्लो ल्युसे हे लिओनार्दोचं शेवटचं घर. तो 1519 मध्ये तिथे वारला.

चौथा दिवस मोठा, सुमारे 75 किमी: आंब्वाझ, शोमों, ब्ल्वा, शांबोर आणि परत ब्ल्वा. आदल्या दिवशी शनोंसो पाहिलं असेल तर शोमोंला वेगळीच गंमत येते. फ्रान्सचा राजा दुसरा आंरी 1559 मध्ये वारल्यावर राणी कॅथरीनने त्याची प्रेयसी दियान द प्वातिए हिला शनोंसो सोडायला लावून बदल्यात हाच वाडा दिला. तिथवर डी-751 वर गाड्या असतात, पण दिसतं लांबवर. शांबोरचं काम फ्रान्स्वा पहिल्याने 1519 मध्ये सुरू केलं. त्याच्या जंगलाभोवती 32 किमीची भिंत आहे. आतल्या रस्त्यांवर तिन्हीसांजेला रानडुकरं आणि हरणं आडवी येतात, म्हणून उजेड असतानाच बाहेर पडा. कुठल्याही राजवाड्यात शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या अर्धा ते एक तास आधीच थांबतो.

पोटापाण्याचं गणित फ्रेंच घड्याळाने करावं लागतं. खेड्यातली दुकानं 12 ते 2 बंद, रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी पुष्कळ ठिकाणी दिवसभर. जेवण 12 ते दीडमध्येच मिळेल. सकाळी बेकरीतून पाव आणि सेंत-मोर हे बकरीच्या दुधाचं चीज घेऊन मागच्या खिशात टाका. शाकाहारी असाल तर नुसतं 'सां व्हियांद' (मांस नको) म्हणून भागत नाही, 'सां प्वासों (मासे नको), सां लार्दों'ही जोडा. कीशमध्ये आणि सॅलडमध्ये लार्दों, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे, हमखास असतात. सोम्यूरकडे फुए मिळतो, भट्टीतला फुगलेला छोटा पाव. तो पांढऱ्या घेवड्याचं किंवा अळंबीचं सारण भरून मागा. पाणी संपलं तर गावचं कब्रस्तान शोधा, तिथे नळ असतो. 'नों पोताब्ल' (पिण्यायोग्य नाही) लिहिलेलं असेल तर पिऊ नका.

मुक्कामासाठी 'आक्यॉय व्हेलो' ही पाटी असलेली जागा निवडा. ती सायकलमार्गापासून पाच किमीच्या आत असते, सायकल कुलुपात ठेवायची सोय असते आणि दुरुस्तीची अवजारं मिळतात. परतीला ब्ल्वाहून पॅरिस-ओस्तर्लित्झची थेट गाडी आहे. ब्ल्वाचं स्टेशन वरच्या अंगाला आहे, नदीकाठून चढायला पंधरा मिनिटं हातात ठेवा. सायकल हुकला टांगायची असेल तर पॅनियर (कॅरिअरला लावलेल्या पिशव्या) फलाटावरच काढून घ्या, गाडी जास्त वेळ थांबत नाही.