घरच्या घरी खरा व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट कसा करायचा

किराणा दुकानातली व्हॅनिला एसेन्सची छोटी बाटली म्हणजे बहुतेक वेळा कारखान्यात बनवलेलं व्हॅनिलिन (व्हॅनिलाला वास देणारं मुख्य रसायन), ऑर्किडशी त्याचा काही संबंध नसतो. खरा व्हॅनिला म्हणजे मूळ मेक्सिकोकडच्या ऑर्किडच्या वेलाची शेंग, आणि महाग का तर शेतात एकेका फुलाचं परागीकरण हाताने करावं लागतं. ही सोपी पद्धत १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या एडमंड आल्बियस या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली आणि मादागास्करपासून केरळ-कर्नाटकपर्यंत आजही तीच चालते.

१. शेंगा काळपट तपकिरी, चामड्यासारख्या लवचिक बघून घ्या. हिरव्या शेंगेला वासच नसतो, तो मुरवून वाळवताना येतो. वर पांढरे चकचकीत बारीक स्फटिक दिसले तर घाबरू नका, ते व्हॅनिलिनच आहे, पण लोकरीसारखं काही दिसलं आणि कुबट वास आला तर ती बुरशी, सरळ फेकून द्या.

२. २०० मिली साध्या, फ्लेवर नसलेल्या व्होडकाला २० ग्रॅम शेंगा, म्हणजे साधारण ६-७. आपल्याकडची व्होडका ४२.८ टक्क्यांची असते, त्यामुळे भारी ब्रँडच्या मागे लागायची गरज नाही.

३. शेंगा उभ्या चिरा, तुकडे करा, कोरड्या काचेच्या बाटलीत टाका आणि पूर्ण बुडतील असं बघा.

४. अंधाऱ्या कपाटात ठेवा, आठवड्यातून एकदा हलवा. २ महिन्यांनी वापरता येतो पण ६ महिन्यांनी खरी मजा. गरम करून घाई करू नका, वास उडतो.

बासुंदी, शेवयांची खीर, कस्टर्ड काहीही असो, गॅस बंद केल्यावरच घाला.

औषध म्हणून मात्र व्हॅनिलाकडून फार अपेक्षा नको. त्यासाठी ऑर्किडपैकी सालममिश्री आहे, तिचे कंद ताकदीसाठी दुधातून देतात, तुर्कस्तानात तर अशाच कंदांच्या पिठाचं सालेप पितात आणि चिवट आइस्क्रीमही करतात. पण कंद उपटला की झाडच गेलं, आणि किलोभर पिठाला हजारावर कंद लागतात, म्हणून मी त्याची कृती देतच नाहीये. फुलवाल्याकडची ऑर्किड केकवर लावून खायची हौसही टाळा, त्यावर फवारणी झालेली असते.

दारू नकोच असेल तर १ शेंग चिरून पाव किलो साखरेत २ आठवडे घट्ट झाकून ठेवा. बाटलीतल्या वापरलेल्या शेंगाही वाळवून अशाच साखरेत टाकता येतात, वास जरा कमी येतो इतकंच.