लेसरने पातळ थर वितळवायला शिकताना

या विषयात नव्यानं येणारी बहुतेक मुलं आधी विचारतात, "लेसर किती पॉवरचा आहे?" मी त्यांना विचारते, "पल्स, म्हणजे प्रकाशाचा एकेक झोत, किती वेळाची आहे?" थर वितळेल, उडून जाईल की नुसताच कोमट होईल, हे त्या उत्तरावर फार अवलंबून असतं.

पल्स सुरू असताना उष्णता किती खोल जाते, याचा अंदाज औष्णिक विसरणांक (पदार्थात उष्णता किती झपाट्यानं पसरते त्याचं माप) आणि पल्सचा काळ यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावरून येतो. १० नॅनोसेकंदांत तांब्यात ती साधारण १ मायक्रॉन आत जाते, काचेत जेमतेम ८० नॅनोमीटर. दुसरं माप प्रकाश किती खोल जातो याचं. ३०८ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सिलिकॉनच्या वरच्या १० नॅनोमीटरमध्येच बहुतांश शोषला जातो, तर १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश स्फटिकी सिलिकॉनमध्ये सुमारे १ मिलिमीटर आत शिरतो. उष्णतेची खोली, प्रकाशाची खोली आणि थराची जाडी, हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहिल्याशिवाय लेसर सुरू करू नका.

मोबाइलच्या डिस्प्लेसाठी काचेवरचा अस्फटिक (अणूंची नियमित मांडणी नसलेल्या) सिलिकॉनचा थर एक्सायमर लेसरने, म्हणजे अतिनील पल्स देणाऱ्या वायू-लेसरने, वितळवून स्फटिकी करतात, ते याच हिशेबावर. स्फटिकी सिलिकॉनचा द्रवणांक १४१४ अंश सेल्सियस, अस्फटिकाचा त्याहून कमी, आणि ती काच याच्या निम्मं तापमानही फार वेळ सोसत नाही. पण थर वितळून पुन्हा गोठतो तो इतक्या झटपट, की खालची काच जवळजवळ थंडच राहते. मला आजही याचं नवल वाटतं.

आता एक गणित स्वतः करून बघा. ५० नॅनोमीटर जाडीच्या सिलिकॉनच्या एका चौरस सेंटिमीटरचं वस्तुमान सुमारे १२ मायक्रोग्रॅम. स्फटिकी सिलिकॉनचे आकडे धरले, तर द्रवणांकापर्यंत तापवायला साधारण १५ मिलीज्यूल लागतात आणि अप्रकट उष्म्यापोटी (तापमान न वाढता नुसतं वितळायला लागणारी उष्णता) आणखी २१. म्हणजे तापवण्यापेक्षा वितळवणंच महाग! प्रत्यक्षात मात्र या ३६ मिलीज्यूलच्या कितीतरी पट ऊर्जा द्यावी लागते. निम्म्याच्या आसपास प्रकाश परावर्तित होतो आणि शोषलेल्यातली बरीच उष्णता खालच्या थरात झिरपते. हा फरक कुठून येतो ते कागदावर मांडता आलं, की अर्धा विषय हाती आला.

थर खरंच वितळला हे ओळखायचं कसं? द्रव सिलिकॉन धातूसारखं वागतं. ६३३ नॅनोमीटरचा लहानसा हेलियम-निऑन लेसर थरावर रोखून ठेवला, तर वितळण्याच्या क्षणी त्याचं परावर्तन साधारण दुप्पट होतं आणि गोठताना पुन्हा उतरतं. ऑसिलोस्कोपवरच्या त्या सपाट टेकाडाची रुंदी म्हणजे पृष्ठभाग द्रव राहिल्याचा काळ.

स्पॉटचं मोजमाप शांतपणे करा. गाउसियन बीमच्या (मध्यात सर्वांत प्रखर, कडेला मंद होत जाणाऱ्या झोताच्या) मध्यावरचा फ्लुएन्स, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर पडणारी ऊर्जा, सरासरीच्या दुप्पट असतो. तो २ विसरला की सगळेच आकडे चुकतात. वेगवेगळ्या ऊर्जेला उमटलेल्या डागांचे व्यास मायक्रोस्कोपखाली मोजा आणि व्यासाचा वर्ग ऊर्जेच्या लॉगॅरिदमसमोर मांडा. सरळ रेषा येते. तिच्या चढावरून बीमची त्रिज्या मिळते, आणि ती अक्षाला छेदते तिथे उंबरठ्याची, म्हणजे डाग उमटायला लागणारी किमान, ऊर्जा. १९८२ची ही पद्धत अजून रोजच्या वापरात आहे.

अभ्यासाचं म्हणाल, तर एकमितीय उष्णता समीकरण (उष्णता फक्त खोलीच्या दिशेनं कशी पसरते ते सांगणारं) स्वतः कोड करा. तयार सॉफ्टवेअर नंतर. पाठ्यपुस्तकातले गुणधर्म ठोकळ्याचे, म्हणजे पदार्थाच्या जाड तुकड्याचे असतात. पातळ थरात कणसीमांमुळे (लहान स्फटिकांमधल्या सीमांमुळे) उष्णतावहन कमी भरतं, थर आणि सबस्ट्रेट (थराखालचा आधार) यांच्या सीमेवरही अडथळा असतो. फेम्टोसेकंद पल्सकडे (पिकोसेकंदाहूनही खूप छोट्या) गेलात तर हे समीकरणही पुरत नाही: आधी इलेक्ट्रॉन तापतात, अणूंची जाळी काही पिकोसेकंदांनी, म्हणून दोन तापमानं वेगळी धरावी लागतात.

चष्मा त्या तरंगलांबीचाच हवा, आणि तो लेसर सुरू होण्याआधी डोळ्यांवर हवा. १०६४चा किरण दिसत नाही, पण डोळ्याचं भिंग तो थेट दृष्टिपटलावर एकवटतं. याबाबतीत मी कुणालाच सूट देत नाही.