इंग्रजी सर्वनामांच्या या चुका टाळा: घोळ बहुतेकदा मराठीतच सुरू होतो

काही वर्षांपूर्वी मी एका क्लायंटशी फोनवर बोललो आणि लगेच साहेबांना इंग्रजीत मेल टाकला: ‘द क्लायंट सेड दॅट आय विल सेंड द फाइल ऑन मंडे.’ मला सांगायचं होतं, "क्लायंट म्हणाला की मी सोमवारी फाइल पाठवतो." म्हणजे पाठवणार तो. साहेबांनी वाचलं ते असं, की फाइल मी पाठवणार आहे आणि तसं क्लायंटशी ठरलंय. सोमवारी संध्याकाळी त्यांनी विचारलं, "गेली का फाइल?" मी विचारलं, "आली का?" मग दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो.

त्या मेलमध्ये स्पेलिंग ठीक होतं, शब्दही ओळखीचेच होते. फक्त ‘आय’ भलत्याच माणसाचा होता.

मराठीत ‘म्हणाला की’ नंतर आपण बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो. त्यातला ‘मी’ हा बोलणाऱ्याचा ‘मी’ असतो आणि ऐकणाऱ्याचा कधी गोंधळ होत नाही. इंग्रजीत ‘सेड दॅट’ लिहिलं की पुढची सगळी सर्वनामं लिहिणाऱ्याच्या जागेवरून मोजायची. म्हणून ‘द क्लायंट सेड दॅट ही वुड सेंड द फाइल’. क्लायंट बाई असेल तर ‘शी वुड’. ‘तू’चंही तसंच. "तो मला म्हणाला की तू थांब" याचं ‘ही टोल्ड मी दॅट यू वेट’ केलं की वाचणाऱ्याला वाटतं, थांबायचंय आपल्याला. तिथे ‘ही टोल्ड मी टु वेट’ म्हणायचं. मी अजूनही ‘सेड’ किंवा ‘टोल्ड’ टाइप केलं की पुढच्या प्रत्येक सर्वनामावर बोट ठेवून विचारतो, हा कोण?

त्या प्रसंगानंतर मी स्वतःचे आणि सहकाऱ्यांचे मसुदे जरा संशयाने वाचायला लागलो. माझं मत असं झालंय की सर्वनामांच्या बहुतेक चुका इंग्रजी येत नाही म्हणून होत नाहीत. डोक्यात जो मराठी शब्द आधी उमटतो, त्याची वाटणी इंग्रजीत वेगळी असते, म्हणून होतात.

एक ‘ते’, इंग्रजीत तीन

ते पुस्तक, ते साहेब, ते लोक. पहिल्याचं ‘इट’, दुसऱ्याचं ‘ही’, तिसऱ्याचं ‘दे’. मराठीत तिन्ही ठिकाणी शब्द एकच, त्यामुळे घाईत जो इंग्रजी शब्द आधी हाताला लागेल तो जातो. सगळ्यात जास्त घोटाळा साहेबांचा होतो. "साहेब आज येणार नाहीत, ते आजारी आहेत" याचं ‘दे आर सिक’ झालं की समोरचा विचारतो, किती जण आजारी आहेत? वडील असोत, आजोबा असोत, देशाचे राष्ट्रपती असोत, इंग्रजीत एका पुरुषाला ‘ही’च म्हणतात आणि त्यात अपमान काही नाही. बाईंसाठी आपण ‘त्या’ म्हणतो, तिथे ‘शी’. आदर दाखवायचा तर ‘सर’, ‘कुड यू’, ‘वुड यू’ अशा शब्दांतून दाखवतात.

‘ती’सुद्धा साधी नाही. ती मुलगी म्हणजे ‘शी’, पण ती पुस्तकं म्हणजे ‘दे’. ‘आय बॉट टू बुक्स. इट इज ऑन द टेबल’ हे वाक्य मी इतक्यांदा दुरुस्त केलंय की आता हात आपोआप ‘दे आर’कडे जातो.

‘यू’चा प्रकार उलटा. तू, तुम्ही, आपण, सगळ्यांना एकच शब्द. जुन्या इंग्रजीत एकट्या माणसासाठी ‘दाउ’ होतं, आपल्या ‘तू’सारखं, आणि ‘यू’ हे अनेकांसाठी किंवा मानाने बोलताना वापरायचे. हळूहळू ‘यू’ने ‘दाउ’ला गिळून टाकलं. म्हणजे एका अर्थी इंग्रज सगळ्यांनाच अहोजाहो करतो, घरच्या कुत्र्यालाही. समोर एकच माणूस असला तरी ‘यू आर’, ‘यू वेअर’ का, याचं उत्तर यात आहे. ‘यू वॉज’ लिहू नका.

इथे एक शंका हमखास येते. एका माणसाला ‘दे’ म्हणतात हे आम्ही वाचलंय, त्याचं काय? ते खरं आहे, पण त्याचा आदराशी संबंध नाही. माणूस पुरुष आहे की बाई हे माहीत नसेल, तर ‘समवन हॅज लेफ्ट देअर बॅग’ म्हणतात, आणि ही पद्धत इंग्रजीत 14व्या शतकापासून आहे. जी व्यक्ती स्वतःसाठी ‘दे’ वापरते, तिच्याबद्दल बोलतानाही तेच वापरायचं. 2019 साली मेरियम-वेब्स्टर कोशाने ‘दे’ हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला, आणि अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखन-नियमावलीच्या त्याच वर्षी आलेल्या सातव्या आवृत्तीनेही एकवचनी ‘दे’ला मान्यता दिली. तेव्हा ‘एव्हरीवन शुड ब्रिंग देअर लॅपटॉप’ बिनधास्त लिहा. फक्त ‘एव्हरीवन’बरोबर क्रियापद एकवचनीच राहतं: ‘एव्हरीवन इज हिअर’.

‘आपला’ मालक लपवतो

"नेहाने आपला मोबाइल विकला." इंग्रजी? पटकन लिहिणाऱ्यांपैकी काही जण ‘नेहा सोल्ड हिज मोबाइल’ लिहितात, आणि नंतर स्वतःच कपाळावर हात मारतात. ‘विनय सोल्ड हर कार’ हे त्याचंच भावंड.

हे का होतं ते बघण्यासारखं आहे. ‘तिचा’ या शब्दाचे दोन तुकडे आहेत. ‘ति’ मालकिणीबद्दल सांगतो आणि ‘चा’ वस्तूबद्दल. मोबाइल तो, म्हणून ‘चा’. गाडी ती, म्हणून ‘ची’. इंग्रजी फक्त पहिला तुकडा बघते. वस्तू काय आहे याच्याशी ‘हिज’ आणि ‘हर’ला देणंघेणं नाही. आता ‘आपला’ किंवा ‘आपली’मध्ये मालकाचा तुकडाच गायब आहे, उरतो तो वस्तूचा. डोकं त्यालाच धरून बसतं: ‘आपला’ म्हणजे ‘हिज’, ‘आपली’ म्हणजे ‘हर’. उपाय असा की लिहिण्याआधी मनातल्या मनात ‘आपला’च्या जागी ‘तिचा’ किंवा ‘त्याचा’ ठेवायचं. "नेहाने तिचा मोबाइल विकला." मराठी म्हणून थोडं खटकेल, पण ते कुणाला ऐकवायचं नाहीये.

याची दुसरी बाजूही आहे. "विनयने अजयला आपली चावी दिली" आणि "विनयने अजयला त्याची चावी दिली" यांत मराठी सरळ फरक करते. इंग्रजीत दोन्हीकडे ‘हिज की’. इथे नियम पाळूनही वाचणारा अडकतो. मग सर्वनामाचा हट्ट सोडा आणि ‘अजयज की’ किंवा ‘हिज ओन की’ लिहा.

इंग्रजीतला ‘मी’ आपला ‘मी’ नाही

उच्चार सारखा, काम वेगळं. इंग्रजीतला ‘मी’ म्हणजे बहुतेक वेळा आपला ‘मला’. कर्त्याच्या जागी ‘आय’, कर्माच्या जागी किंवा ‘टु’, ‘फॉर’, ‘विथ’ यांच्यानंतर ‘मी’. एकटं असताना हे कुणी चुकत नाही. जोडीला दुसरा आला की चुकतं: ‘मी अँड रवी वेंट’. बोलताना इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही हे सर्रास म्हणतात, पण अर्जात किंवा ऑफिसच्या मेलमध्ये ‘रवी अँड आय’ बरं. स्वतःला मागे ठेवणं हा शिष्टाचार आहे, व्याकरणाचा नियम नाही.

खरी गंमत पुढे आहे. ‘मी’ वापरल्याबद्दल शाळेत ओरडा खाल्लेली मंडळी नंतर सगळीकडे ‘आय’ पेरतात. ‘ही इन्व्हाइटेड रवी अँड आय.’ ‘बिटवीन यू अँड आय.’ ऐकायला भारदस्त, पण चूक. रवीला वाक्यातून बाहेर काढा: ‘ही इन्व्हाइटेड आय’ कानालाच टोचतं. ‘बिटवीन’मध्ये कुणाला काढता येत नाही, तर दोघांच्या जागी एकच शब्द घाला. ‘बिटवीन वुई’ की ‘बिटवीन अस’? ‘अस’ बसलं, म्हणजे ‘मी’.

या ‘आय’ आणि ‘मी’च्या भांडणातून पळवाट म्हणून लोक ‘मायसेल्फ’ वापरतात. ‘मायसेल्फ संजय’, ‘प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ’. ‘मायसेल्फ’ला त्याच वाक्यात आधी ‘आय’ लागतो: ‘आय डिड इट मायसेल्फ’. ओळख करून देताना ‘आय ॲम संजय’ पुरे, आणि संपर्कासाठी ‘कॉन्टॅक्ट मी’. ‘मी’ लिहिण्यात उद्धटपणा नाही. ‘हिजसेल्फ’ आणि ‘देअरसेल्व्ह्ज’ प्रमाण इंग्रजीत चालत नाहीत. तिथे ‘हिमसेल्फ’, ‘देमसेल्व्ह्ज’. ‘माय’पासून ‘मायसेल्फ’ मग ‘हिज’पासून ‘हिजसेल्फ’ का नाही, हा प्रश्न रास्त आहे, पण तिथे इंग्रजीनेच घडी नीट बसवलेली नाही. पाठ करा आणि पुढे चला.

कुठे जास्त, कुठे कमी

मराठीत ‘जो’ आला की ‘तो’ येतोच. "जो मुलगा काल आला होता, तो माझा मित्र आहे." त्यातला ‘तो’ इंग्रजीत नेला की ‘द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय फ्रेंड’ होतं. ‘हू’ने काम केलंय, ‘ही’ खोडा. ‘द बुक विच आय बॉट इट’मधला ‘इट’ही असाच खोडायचा.

उलट, मराठी जिथे गप्प राहते तिथे इंग्रजीला शब्द हवा. "पाऊस पडतोय", "उशीर झाला" यांत ‘इट’सारखा शब्द कुठेच नाही, तरी ‘इट इज रेनिंग’, ‘इट इज लेट’ म्हणावं लागतं. हा ‘इट’ कुणाच्याच बदली नाही, नुसती जागा धरून बसतो. कर्माची जागा तर आपण हमखास रिकामी सोडतो. "फाइल मिळाली का?" "हो, मिळाली." याचं ‘येस, आय गॉट’ होतं. ‘येस, आय गॉट इट’ हवं. ‘आय विल सेंड’ असं एवढंच लिहिलेलं उत्तर आलं की इंग्रजी वाचणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. ‘एन्जॉय’ही त्यातलंच. "आम्ही खूप एन्जॉय केलं" हे मराठीत रुळलंय, पण प्रमाण इंग्रजीत काय एन्जॉय केलं ते सांगावं लागतं: ‘वुई एन्जॉइड द ट्रिप’, नाहीतर ‘वुई एन्जॉइड अवरसेल्व्ह्ज’.

अ‍ॅपॉस्ट्रॉफीबद्दल थोडक्यात. ‘इट्स’ दोन आहेत आणि कानाला दोन्ही सारखेच. अ‍ॅपॉस्ट्रॉफीवाला म्हणजे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’, बिनाअ‍ॅपॉस्ट्रॉफीचा म्हणजे ‘त्याचा’. वाक्यात ‘इट इज’ आणि ‘इट हॅज’ म्हणून वाचून बघा. दोन्हींपैकी काहीच बसलं नाही तर ते चिन्ह काढा. ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘देअर्स’, ‘युअर्स’ यांना ते कधीच लागत नाही, अर्जाच्या शेवटच्या ‘युअर्स फेथफुली’लाही नाही. साधा स्पेलचेकर इथे मदतीला येईलच असं नाही, कारण ‘इट्स’ची दोन्ही रूपं त्याच्या लेखी बरोबर.

राहिला ‘वुई’. इथे चूक व्याकरणाची नसते, तरी माणसं मीटिंग चुकवतात. ‘आम्ही भेटतोय’ म्हणजे तू सोडून आणि ‘आपण भेटतोय’ म्हणजे तुला धरून, हा फरक मराठी एका शब्दात करते. इंग्रजीत दोन्हीकडे ‘वुई आर मीटिंग ॲट फाइव्ह’. समोरच्याला धरायचं असेल तर ‘यू अँड आय’ किंवा ‘ऑल ऑफ अस, इन्क्लुडिंग यू’ लिहा; धरायचं नसेल तर कोण कोण भेटतंय त्यांची नावं लिहा. साहेबांचा ‘वुई विल मीट’ असा मेल आला की मी आजही उठून त्यांच्या टेबलाशी जातो आणि विचारतो, "आपण, की तुम्ही लोक?"