घोडा खच्ची केल्यावर जखमेत पू होऊ नये म्हणून काय करायचं

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, तबेल्यात किंवा मोकळ्यावर घोडा खच्ची केला की जखम बहुतेक वेळा मुद्दामच उघडी ठेवतात. टाके नाही घातले म्हणजे डॉक्टरने अर्धवट काम केलं असं नाही, आत साचणारं रक्तपाणी खाली गळून जायला वाट पाहिजे म्हणून ती तशी ठेवलेली असते. ती वाट वरून बंद झाली आणि आत घाण राहिली की मग पू, ताप आणि ढोपरापर्यंत सूज, सगळं मागोमाग येतं.

वेळ निवडणं तुमच्या हातात असेल तर थंडीतच उरकून घ्या. सारंगखेड्याच्या यात्रेतून डिसेंबरात घोडा आणला असेल तर जानेवारी-फेब्रुवारी बेस्ट, माशा कमी आणि जमीन कोरडी. पावसाळ्यात माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे लाल चिखल आणि लीद एकत्र कालवलेली असते, तिथे हे काम काढूच नका.

ऑपरेशनच्या आधी धनुर्वाताची लस झालीय का ते विचारा, नसेल तर डॉक्टरला स्पष्ट सांगा, ते अँटीटॉक्सिन (धनुर्वाताचं विष निकामी करणारं इंजेक्शन) पण देतील. यात कंजूषी नको, कारण धनुर्वाताचे जंतू मातीत आणि घोड्याच्या लिदीतच असतात आणि घोड्याइतका हा रोग दुसऱ्या जनावराला क्वचितच लागतो.

पहिले २४ तास शांत उभा ठेवा, खाली स्वच्छ कोरडा पेंढा, बारीक लाकडाचा भुसा नको, तो जखमेला चिकटून बसतो. शेपटी वेणी घालून बांधून टाका. थेंब थेंब रक्त पडत असेल तर घाबरायचं नाही, थेंब मोजता येतायत तोवर ठीक, पण धार लागली आणि पंधरा-वीस मिनिटांत थांबली नाही तर लगेच फोन. आणि जखमेतून आतडं लोंबताना दिसलं तर ओल्या स्वच्छ चादरीची झोळी करून वर धरा, घोडा हलवू नका, डॉक्टर येईपर्यंत दुसरं काहीही करू नका.

दुसऱ्या दिवसापासून मात्र फिरवायचाच, डॉक्टरने वेगळं सांगितलं नसेल तर सकाळ-संध्याकाळ वीस-तीस मिनिटं, हाताने धरून, जमलं तर थोडा दुडक्या चालीने. इथेच लोक चुकतात, बिचाऱ्याला दुखतंय म्हणून उभा करून ठेवतात आणि मग सूज वाढते, जखमेचं तोंड चिकटतं. तिसऱ्या ते सहाव्या दिवसात सूज सगळ्यात जास्त असते, तेवढी येणारच.

धुताना आधी स्वतःचे हात साबणाने नीट धुवा, ग्लोव्ह्ज घाला, कारण माणसाच्या नाकातले आणि हातावरचे स्टॅफ जंतूही जखमेत जातात आणि त्यातले काही साध्या औषधांना दाद देत नाहीत. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, किंवा पोव्हिडोन आयोडीन इतकं पातळ की बिनदुधाच्या फिकट चहासारखं दिसलं पाहिजे. फक्त बाहेरून धुवा, पाइपचा जोर आत मारू नका आणि बोट तर अजिबात घालू नका, चिकटलेलं तोंड उघडायचं ते डॉक्टर उघडतील. टर्पेंटाइन, फिनाइल, हायड्रोजन पेरॉक्साइड, चुलीतली राख हे सगळं बंद, त्याने जंतूंआधी मांसच जळतं नाहीतर आत नवीन घाण जाते. माशांचा स्प्रे जखमेच्या आजूबाजूला मारा, आत नाही. लीद दिवसातून निदान तीनदा उचला, मोतद्दाराला (घोड्याची देखभाल करणाऱ्याला) ते आवडणार नाही पण सांगा.

ताप रोज दोनदा बघा, आणि दुखण्याचं इंजेक्शन द्यायच्या आधी बघा, नंतर आकडा खोटा येतो. नॉर्मल साधारण ९९.५ ते १०१.३ फॅरनहाइट. थर्मामीटरला दोरी बांधून शेपटीला चिमटा लावा, नाहीतर तो आत तरी जातो नाहीतर घोड्याच्या पायाखाली. ताप चढला, चारा सोडला, मागचे पाय टाकेना, किंवा घाण वासाचा घट्ट पू यायला लागला तर अँटिबायोटिक मनाने बदलू नका, आधी पुवाचा स्वॅब लॅबला पाठवायला सांगा. दिलेला कोर्सही मधेच सोडू नका, बरं वाटलं की बाटली कपाटात जाते हे सगळीकडे दिसतं.

जखम भरायला साधारण तीन आठवडे लागतात. त्यानंतरही मांड्यांच्या मधे, जखमेच्या जागी कडक गाठ राहिली किंवा काही महिन्यांनी तिथूनच परत पू झिरपायला लागला तर अंडाची जी नस कापली तिच्या आत उरलेल्या टोकाला इन्फेक्शन धरलेलं असू शकतं, ते मलमाने जात नाही, परत ऑपरेशन करून गाठच काढावी लागते.